दोर डाव्या हातात

दादा, तुमची ती चित्रं शेवटी भिंतीवर लागली. आपल्या बोळातल्या छापखान्याच्या धुरकट भिंतीवर नाही, नगरच्याच सावेडीतल्या एका सभागृहात, काचेआड, प्रत्येकावर वेगळा दिवा. मी म्हटलं, एवढ्या उजेडात जुना कागद टिकायचा नाही. तर आयोजकांपैकी एक पोरगेलासा माणूस मला म्हणाला, "मॅडम, एलईडी आहेत, काही होत नाही." तुम्ही असता तर त्याला बाजूला सारून स्वतः दिवे मालवले असते. मी नुसत्या आठ्या घातल्या. बापाचा राग लेकीकडे आलाय, पण अर्धाच. तुम्ही बोलून मोकळे व्हायचात. मी गिळते आणि मग दोन दिवस घरात भांडी आपटत बसते.

चित्रांच्या रांगेत सगळ्यात शेवटी ते पत्रक आहे. तुम्ही कोरलेल्या ठशावरून छापलेलं, साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं, चेअरमनला झोंबलेलं. त्याच्याखाली लावायच्या माहितीच्या कार्डासाठी सभागृहवाल्यांनी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आणि मी शाळेच्या मधल्या सुट्टीत बसून त्या लिहून दिल्या. त्यातली एक अशी होती: "ठसा कोणाच्या हातचा हे छापखान्यातल्याच एका सहकाऱ्याने चेअरमनच्या माणसांना सांगितले." हे वाक्य आपल्या घरात इतकी वर्षं बोललं गेलंय की लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही. आणि ते खोटं आहे, दादा. त्या सहकाऱ्याने, म्हणजे काकांनी, काही सांगितलं नव्हतं. सांगितलं मी. दहा वर्षांची होते, पण मीच. तुम्ही गेलात तेव्हा मी तिशीला टेकले होते, म्हणजे तुम्हाला सांगायला चांगली वीस वर्षं मिळाली होती. त्यालाही आता पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या काळात मी हे कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही.

मागच्या सोमवारी फोन आला. आमंत्रणाबरोबर कार्डांचे फोटोही मोबाईलवर फिरत होते, ते फिरत फिरत देवळाली प्रवरेला पोचले. बाईचा आवाज, तरुण, अगदी शांत. "मॅडम, तुम्ही ज्यांना सहकारी लिहिलंय ते माझे आजोबा. ते आहेत अजून. मी नगरच्या कोर्टात वकिली करते, पण हा फोन नात म्हणून करतेय." मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "नाव नाही घातलंत, पण आमच्या गावात ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळतं. तुमच्याकडे पुरावा असेल तर दाखवा, मी गप्प बसते. नसेल तर रविवारी उद्घाटन आहे, त्याच्या आत घरी या आणि आजोबांच्या तोंडावर सांगा, तुम्ही फितूर होतात म्हणून. मला त्यांना ते कार्ड वाचून दाखवायचा धीर होत नाही." तिने आवाज चढवला असता तर मीही चढवला असता, त्यात मी हार जात नाही. तिने चढवलाच नाही. समोर सातवीचा वर्ग रंगपेट्या उघडून बसला होता आणि मला पुढे काय शिकवायचं ते आठवेना.

त्या चित्रांचा गठ्ठा तुम्ही कुठून आणलात ते मला नीट आठवतं. लष्करी कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा झाला, तिथलं सामान रद्दीवाल्याकडे आलं, आणि तुम्ही पावशेर भाजी निवडावी तशी ती चित्रं निवडून आणलीत. परदेशी, दोनेकशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. राजांवरची, आणि राजांना खाली ओढणाऱ्यांवरची. खालच्या ओळी फ्रेंच, त्या आपल्या बोळात कुणाला वाचता येणार? म्हणून तुम्ही ती नुसती बघून बघून वाचलीत आणि मलाही तशीच वाचायला शिकवलीत. मी शाळेतून येते, दप्तर कागदाच्या थप्पीवर टाकते, तुम्ही पायानं चालवायचं ते छपाईचं यंत्र थांबवता आणि हात पुसत भिंतीकडे बोट करता. "ही कोण?" मी म्हणते, राणी. "राणीच्या पायाखाली मुकुट कसा आला मग? नीट बघ. ही बाईच नाही. हे स्वातंत्र्य आहे, बाईचं अंग घेऊन उभं राहिलंय." शेजारच्याच चित्रात तशीच एक बाई, पण दात विचकलेली, केसांत साप, मागे गाव जळतंय. तुम्ही म्हणता, "ही पण तीच. फक्त हा कोरणारा राजाच्या बाजूचा." मी विचारते, मग खरं कोण बोलतंय? तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारता. "ते कोरणाऱ्याला नाही विचारायचं. त्याला विचारायचं, रेघ सरळ आली का."

आणि मधोमध ते चित्र. म्हातारा शेतकरी कुदळीवर भार देऊन वाकलेला, पाठीवर गलेलठ्ठ राजा. राजाच्या उजव्या हातात दोर, आणि तो दोर शेतकऱ्याच्या नाकातून ओवलेला, बैलाला वेसण घालतात तसा. मागे ससे पीक खातायत आणि शेतकरी त्यांच्यावर हात उगारत नाही. ते ससे राजाच्या शिकारीचे आहेत म्हणून, असं तुम्ही ठासून सांगितलंत. तुम्हाला कसं कळलं विचारलं तर म्हणालात, "नाहीतर एवढे ससे कोरत बसायला त्याला काय वेड लागलं होतं?" राजाचा चेहरा मात्र कुणाचाच नव्हता, गोल, पिठाच्या गोळ्यासारखा. त्यावर तुमचं ठरलेलं बोलणं होतं. खरा माणूस कधी काढायचा नाही. मुकुट काढायचा, पोट काढायचं. बघणारा आपल्या मनातला राजा तिथे बसवतो आणि आपण मोकळे. पुढे मी चित्रकलेची शिक्षिका झाले, पुस्तकांतून रूपक वगैरे शब्द शिकले, पण एवढं स्वच्छ मला कुणी सांगितलं नाही.

कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलवाले तुमच्याकडे आले ते याच हिशेबाने. त्यांना चेअरमनवर चित्र हवं होतं, पण चेअरमन नको होता. त्या काळी त्या पट्ट्यात चेअरमनचं नाव हळू आवाजात घ्यायचे लोक. उसाची तोड त्याच्या शब्दावर, पोराची नोकरी त्याच्या शब्दावर. तुम्ही भिंतीवरचा तो पाठीवर बसलेला राजा उचललात, सशांच्या मागे ऊस उभा केलात आणि एका दिवसात लाकडावर कोरायला घेतलात. ठसा कोरायची रीत काय ती आपल्या छापखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होती. पातळ कागदावर चित्र उतरवायचं, कागद पालथा करायचा, मग लाकडावर घासायचा. ठशावर चित्र उलटं येतं, म्हणजे छापल्यावर सुलटं. त्या घाईत तुम्ही कागद पालथा करायला विसरलात. तीस वर्षं हा धंदा केलेला माणूस, आणि विसरलात. पहिली प्रत निघाली तेव्हा ती काकांनी आधी पाहिली. "आण्णा, दोर डाव्या हातात आला की." तुम्ही चिडलात, स्वतःवरच, पण ओरडलात त्यांच्यावर. "राजाला काय फरक पडतो? छाप."

काका म्हणजे आपले कंपोझिटर. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटं अक्षर, उचलून ओळी जुळवणारे. देवळालीच्या बौद्ध वस्तीतले, त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. आठवडाभर छापखान्याच्या माळ्यावर राहायचे आणि शनिवारी एसटीने गावी जायचे. खिळे उलटे कसे वाचायचे ते मला त्यांनीच शिकवलं. तुम्ही त्यांना भाऊ म्हणायचात, आणि तुम्ही उगाच कुणाला भाऊ म्हणणाऱ्यांतले नव्हतात.

फरक पडला, दादा. चेअरमन डावखुरा होता. फीत डाव्या हाताने कापायचा, सही डाव्या हाताने करायचा, भाषणात टेबलावर मूठ आपटायचा तीही डावी. हे तुमच्या डोक्यात आलं नाही, कारण तुम्ही त्या सभांना कधी गेलाच नव्हतात. पत्रक वाटलं गेलं आणि दोन दिवसांत चहाच्या टपऱ्यांवर माणसं डावा हात वर करून हसायला लागली. ज्या राजाला तुम्ही मुद्दाम चेहरा दिला नव्हता त्याला त्या एका हाताने चेहरा मिळाला. खाली छापणाऱ्याचं नाव नव्हतं, अर्थातच. ठसा कुणाचा हे फक्त तुम्हाला, काकांना आणि ज्यांनी काम दिलं त्यांना माहीत होतं. आणि मला. पण मला कोण धरतंय.

तो माणूस दुपारी आला. तुम्ही कागद आणायला गेला होतात, काका पोस्टात. मी ओट्यावर पाय हलवत बसलेली. स्वच्छ शर्ट, हसरा चेहरा, लग्नपत्रिका छापायची म्हणाला. मी ऐटीत नमुने दाखवले. मग त्याने खिशातून ते पत्रक काढलं आणि म्हणाला, "हे बघितलंस का? लई भारी काढलंय कुनीतरी. पन आपल्या नगरात एवढा कारागीर कुठला, पुन्याचाच आसनार." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या बापाचं काम आणि म्हणे पुण्याचं. मी भिंतीवरचं चित्र काढलं, पत्रक त्याच्या हातातून घेतलं, पालथं करून खिडकीच्या काचेला लावलं आणि उजेडात धरलं. मागच्या बाजूने बघितलं की राजाचा दोर उजव्या हातात जातो. शेजारी चित्र धरलं. रेघेला रेघ जुळली. मी त्याला समजावून सांगितलं, एखाद्या मास्तरणीसारखं, की दादा कागद पालथा करायला विसरले, म्हणून असं झालं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हुशार हायेस." मला लिमलेटची गोळी दिली. ती मी तिथेच बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा भर दुपार होती आणि बोळातली सगळी दुकानं उघडी होती. चौघं उतरले. कुणी तुमच्या अंगाला हात लावला नाही, शिवीसुद्धा दिली नाही. त्यांच्यातल्या एकाने सरळ जाऊन ते चित्र काढलं, पत्रक पालथं करून त्याच खिडकीला लावलं आणि तुम्हाला म्हणाला, "या, बघा." तुम्ही काचेपाशी गेलात आणि रेघेला रेघ जुळलेली पाहिलीत. "तुमच्याच घरच्या मानसानं दाखवलं आण्णा, आमाला कुठली एवढी अक्कल," तो म्हणाला, आणि चित्र पुन्हा जागेवर टांगून, थोडं मागे सरून, वाकडं तर नाही ना ते बघितलं. मग बाकीच्यांनी खिळ्यांच्या केसा उचलल्या, लाकडी कप्प्यांचे ते मोठे ट्रे, आणि एकेक करून बाहेर गटारीत पालथ्या केल्या. सगळी अक्षरं, सगळे आकार, काना, मात्रा, जोडाक्षरं, चिखलात एक ढीग. पंधरा मिनिटांत झालं. जीप गेली. समोरच्या दुकानदारांनी माना खाली घातल्या.

काका गटारीत उतरले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हातांनी खिळे वर काढत होते, मी चाळण धरली होती आणि ते त्यात टाकत होते. "धू पोरी, हळू धू, घासू नगंस," असं काहीतरी सांगत होते. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "ही युक्ती बाहेरच्याला सुचत नाही भाऊ," तुम्ही म्हणालात. त्यांना आधी कळलंच नाही. मग हातातले खिळे तसेच धरून ते म्हणाले, "आण्णा, माझ्या तोंडून शब्द गेला न्हाई. पोराबाळांची शपथ." तुम्ही म्हणालात, "ऊठ. हात धू आणि जा." एवढंच. ते उठले. हौदावर जाऊन खरंच हात धुतले, साबण लावून, प्रत्येक नख. माळ्यावरून पिशवी आणली. जाताना माझ्याकडे बघितलं, तर मी चाळणीत बघत होते. माझ्या तोंडात शब्द तयार होता, दादा. मी चाळण हलवत राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याचं ऐकून तरी घ्यायचं होतं." तुम्ही ताट पुढे सरकवलंत. "काय ऐकायचं? पत्रक उजेडात पालथं धरायचं, हे कळायला ठशांत मुरलेला माणूस लागतो. आपल्यात असे आहेत कोण? मी आणि तो." मी तुमच्या समोर बसले होते. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी मला तुमचा भयंकर राग आला. तुम्ही मला इतकं शिकवलंत आणि तुमच्या मनात मी आलेच नाही. मुलगी म्हणून नाही आले, की लहान म्हणून, देव जाणे. मी सुटले म्हणून गप्प बसले आणि अपमान झाला म्हणूनही गप्प बसले. आता हे लिहिताना हसू येतंय, पण त्या रात्री मी जेवले नाही.

काकांचं पुढे काय झालं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून ते मी सांगते. छापखान्यात जे होतं ते छापखान्यात राहतं, हा या धंद्याचा पाया. ज्याने ते फोडलं त्याला दुसरा छापखानेवाला दारात उभा करत नाही. नगरमध्ये त्यांना कुणी ठेवलं नाही. तुम्ही त्यांची जात काढली नाहीत, हे मी मान्य करते. पण बोळातल्या बाकीच्यांनी काढली, तुमच्या ओट्यावर बसून काढली, आणि तुम्ही चहा पीत राहिलात. मग ते गावी गेले आणि आठवडी बाजारात भांड्यांवर नावं घालायचं यंत्र घेऊन बसायला लागले. राहुरीच्या बाजारात मी त्यांना एकदा पाहिलं, कॉलेजात असताना. कुणाच्या तरी लग्नाच्या तांब्यावर वाकून अक्षरं काढत होते, काना अगदी ओळंब्यात. मी गर्दीतून उलटी फिरले. आणि तुम्ही शेवटच्या दिवसांत, दवाखान्याच्या खाटेवर, मध्येच डोळे उघडून म्हणालात, "तो फिरला नसता तर आज मोठा छापखाना असता आपला." मी तुमची उशी सारखी केली.

गुरुवारी रजा टाकून देवळालीला गेले. हंगाम चालू आहे, मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एसटी इंच इंच सरकत होती आणि मला तेच बरं वाटत होतं. घर बुद्धविहाराच्या मागे, पक्कं, दारात मोटरसायकल आणि तुळशीएवढं लिंबाचं झाड. काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सुकलेत, पण नजर तीच, समोरच्याला उलटा वाचल्यासारखी. मला लगेच ओळखलं. "आण्णाची पोरगी न्हवं? बस." नातीने चहा ठेवला आणि भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. बसली नाही.

मी घोकून गेले होते, सगळं विसरले. सरळ म्हणाले, "काका, त्या माणसाला चित्र मी दाखवलं होतं. खिडकीला लावून. तुमच्यावर आलं तेव्हा मी गप्प बसले." बाहेरून ट्रॅक्टर गेला, काकांनी तो जाऊ दिला. मग त्यांनी विचारलं, "किती वर्साची हुतीस?" मी म्हटलं, दहा. नात म्हणाली, "दहा वर्षांच्या होतात तेव्हा. मग वीस झालात, तीस झालात, पन्नास झालात. मधे कधी वाटलं नाही?" मी म्हटलं, वाटलं. "मग?" काका तिला म्हणाले, "तू गप ऱ्हा." पण त्यांनी ते मला वाचवायला म्हटलं नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं आणि ती मधे येत होती.

खुर्चीत पुढे सरकून ते म्हणाले, "आण्णाला कळलं का? जायच्या आदी?"

दादा, इथे मी थांबायला हवं होतं. नाही, असं म्हणायला हवं होतं. पंचेचाळीस वर्षं या माणसाला एकाच माणसाचं मत बदलायचं होतं आणि तो माणूस मेलेला होता. मी म्हणाले, "कळलं. मी सांगितलं त्यांना. दवाखान्यात."

"मंग? काय म्हनला?"

"वाईट वाटलं त्यांना."

"तसं नको. शब्द सांग. शब्द कसे हुते?"

जन्मभर दुसऱ्यांचे शब्द एकही काना न चुकवता जुळवलेला माणूस, तो असंच विचारणार. मला सुचायला किती वेळ लागला असेल? एक घोट चहाचा. मी म्हणाले, "म्हणाले, मी त्याला ऊठ म्हणालो, ते चुकलं. त्याला माझ्याकडून माफी माग."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. मला वाटलं पकडली गेले. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "आण्णा आसं बोलनाऱ्यातला न्हवता," ते म्हणाले. "पन शेवटाला मानूस मऊ पडत आसंल. म्हनला आसंल." मग नातीकडे वळून, एकदम छापखान्यातल्या आवाजात, "ते लिव्हायला सांग तिथं. त्या कारडावर. त्याचे शब्द, जसेच्या तसे."

नात मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. एसटी आल्यावर म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्यांना खरंच सांगितलं होतंत ना? वडिलांना?" मी म्हणाले, हो. ती माझ्याकडे बघत राहिली. वकील आहे, तिला साक्षीदार कळत असणार. "ठीक आहे," ती म्हणाली. "नवीन कार्ड मला आधी दाखवा." मी दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं की ठसा कोणाचा हे मुद्रकाच्या मुलीने वयाच्या दहाव्या वर्षी अजाणतेपणी उघड केले आणि आळ निर्दोष कंपोझिटरवर आला. तिने उलट निरोप पाठवला: 'अजाणतेपणी' हा शब्द काढा, दहाव्या वर्षी लिहिलंय तेवढं पुरे. मी काढलं. आणि त्याखाली, अवतरणचिन्हांत, तुमचं वाक्य.

आज सकाळी उद्घाटन झालं. काका आले होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट, नातीचा हात धरून. बाकीच्या चित्रांकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ पत्रकासमोर जाऊन उभे राहिले आणि कार्ड वाचलं. बोट काचेपासून जरा दूर ठेवून एकेक अक्षर. लोक मागे खोळंबले होते, कुणाची हिंमत झाली नाही सरका म्हणायची. देवळालीहून त्यांच्याबरोबर सात-आठजण आले होते, त्यांच्या वयाचे दोन म्हातारेही होते. त्यांना त्यांनी जवळ बोलावलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. शाळेतल्या माझ्या सहकारी बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "स्वतःबद्दल असं लिहिलंत, धाडस आहे हो तुमचं. आणि वडील किती मोठ्या मनाचे." मी मान हलवली. तिथून सभागृहाच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले.

खोटं काढून मी तिथे खोटंच लावलं, फक्त या वेळी ते तुमच्या नावावर. तुम्ही कधीही न म्हटलेलं वाक्य आता काचेआड आहे आणि लोक त्याचे फोटो काढतायत. तुम्हाला संताप येईल, मला माहीत आहे. येऊ दे. माझा गुन्हा मी कबूल केला, तो माझा होता. पण चौकशी न करता माणसाला चिखलातून उठवून घालवून देणं, हे माझं नव्हतं. त्याची माफी कुणीतरी मागायला हवी होती.

हे पान मी तुमच्या चित्रांच्या पेटीत ठेवणार नाही. पुढेमागे कुणी ती पेटी उघडली आणि हे वाचलं, तर काकांना मिळालेलं ते वाक्य जाईल. म्हणून लिहून झालं की चुलीत नाही, चूल आता कुठली, गॅसवर धरून जाळणार आहे. पण त्याआधी एक सांगते, कारण ते कुठेच सांगता येणार नाही. नातीने विचारलं होतं, वीस झालात, तीस झालात, मग का नाही सांगितलंत. मला वाटत आलं होतं की मी तुमच्या रागाला भीत होते. तसं नव्हतं, दादा. तुमचा राग मी रोजच बघत होते. मला भीती होती ती ही, की मी सगळं सांगेन, तुम्ही सगळं ऐकून घ्याल, आणि तरीही देवळालीला जाणार नाही.